डाव्या कोपऱ्यातला माणूस

“तो आला, मी व्हतो.”

एखादी पकड कशी केली असं कुणी विचारलं की त्याचं एवढंच उत्तर असायचं. हे बोलताना तो दोन्ही तळवे पँटच्या मागच्या बाजूला पुसायचा. लग्नाच्या मांडवात विचारा, स्टँडवर विचारा, हाताला माती असो नसो, तळवे पुसले जायचेच. मग जरा खाली बघून हसायचा आणि विषय संपायचा.

आमच्या भागातली कबड्डी मातीवर होती तेव्हा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. चढाई करणारे तुम्हाला आठवतील. त्यांची नावं, त्यांच्या उड्या, मांडीवर थाप मारून रेषा ओलांडायची त्यांची रीत. आता डाव्या कोपऱ्यात कोण उभा असायचा ते आठवून पाहा. नाही ना आठवत? मलाही आठवला नसता. पण माझं अक्षर बरं म्हणून मला गुण लिहायला टेबलावर बसवायचे, आणि टेबलावरून कोपरा जवळ दिसतो.

मी मंचरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. तो अवसरी बुद्रुकचा. विहाराच्या मागच्या आळीत त्याचं घर. धंदा द्राक्षाचे मांडव उभे करण्याचा. नारायणगावापासून जुन्नरपर्यंत कुणाची नवी बाग लागली की लोखंडी अँगल रोवायला आणि तारा ताणायला याला बोलावणं जायचं. यंत्राने ताणलेली तार तो हाताने एकदा दाबून बघायचा आणि म्हणायचा, “अजून जरा.” त्या हातात घोटा सापडला की काय होत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. त्याच्याशी हात मिळवला की मी आपली बोटं एकदा मोजून घेई, आणि तो म्हणे, “पाची हायेत सर, मी बघितली.”

माणसाच्या तोंडाआधी तो पाय बघायचा. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला, खालून फक्त पाय दिसत होते. हा माझ्या कानाशी आला आणि गंभीरपणे म्हणाला, “सर, नवरदेवाचा डावा पाय दाराकडं वळलाय. धरू का?” मला इतकं हसू आलं की भटजींनी वळून पाहिलं.

त्याच्या बोलण्यात कधीकधी एखादं वाक्य असं यायचं की हसावं की गप्प बसावं ते कळू नये. एकदा सामना संपल्यावर आम्ही चहा पीत होतो. तो म्हणाला, “कबड्डी लई भारी खेळ हाय सर. समोरचा लांबून मला शिवायला येतो, आन् मी त्याला जाऊ देत न्हाई. आमच्या आज्याच्या टायमाला हे उलटं चालायचं.” आणि हसून त्याने कप खाली ठेवला. मी त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पाटलाच्या घरातला. त्या वाक्यावर मी काही बोललो नाही. तो बोलण्याची वाटही बघत नव्हता.

पकड झाली, शिट्टी वाजली, की पडलेल्या गड्याला तो स्वतः उठवायचा. पाठीवरची माती झटकायचा. “लागलं का पावणं?” असं विचारायचा. समोरच्याने चिडून हात झिडकारला तरी विचारायचा. मग जाऊन आपल्या कोपऱ्यात उभा राहायचा, जरा वाकून, हात गुडघ्यांच्या पुढे लोंबते ठेवून.

त्याचा शेवटचा सामना मी लिहिला. त्याबद्दल मला सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी वीसेक वर्षं उशीर केला आहे.

गाव जुन्नर तालुक्यातलं होतं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण गावाची त्यात काही चूक नाही. एप्रिल महिना, यात्रेचे सामने, अंतिम फेरी दुपारी लावलेली. समोरचा संघ वारूळवाडीचा. त्यांच्याकडे संदीप नावाचा चढाईपटू होता. बावीस वर्षांचा, उंच, सडपातळ, आणि त्याच्या अंगात असा चपळपणा की त्याचा पाय कुठे पडणार हे त्यालाही आधी माहीत नसावं. आमचा हा तोवर चाळिशीला टेकला होता. लोक त्याला म्हातारा म्हणायचे, आणि तोही म्हणू द्यायचा.

सामन्याआधी तो अनवाणी पायांनी कोपरा तपासत फिरत होता. फिरत फिरत टेबलाशी आला. लोखंडी पायांचं, शाळेतून आणलेलं जुनं टेबल.

“सर, टेबल मागं घ्या. कोपऱ्यातून वढाताण झाली की गडी हितंच येतो.”

“घेतो, घेतो,” मी म्हणालो.

मांडवाची सावली बाजूच्या रेषेपाशी संपत होती. टेबल मागे घेतलं तर ते उन्हात जात होतं. कागदावर ऊन पडलं की डोळ्यांना अक्षर दिसेना. मी एकदा उठलो, टेबलाची कड धरली, आणि पुन्हा बसलो. तेवढ्यात नाणेफेक झाली.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. याच्या बाजूला दोघेच उरले होते, आणि दुसरा गडी पार उजव्या टोकाला. संदीप चढाईला आला. आत, आणखी आत गेला, डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, आणि घोटा सापडला.

तुम्ही अशी पकड पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथे चढाई संपते. त्या दिवशी संपली नाही. तो पोरगा एका पायावर ओढत राहिला. हा त्याच्या मागे पालथा पडला तरी घोटा सुटेना. “कबड्डी, कबड्डी” चालू होतं, पण आवाज घासल्यासारखा येत होता. ओढत ओढत दोघे मधल्या रेषेजवळ आले, बाजूच्या रेषेला लागून, माझ्या टेबलापासून दोन हातांवर. लोक उभे राहून ओरडत होते.

तेव्हा संदीप बोलला. दम घेण्याच्या आवाजातच, हळू. “सोडा भाऊ. पाय चालला.”

ते त्याने ऐकलं. मी ऐकलं. तिसऱ्या कुणाला त्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं. पंच पलीकडच्या बाजूला होते.

त्याने सोडला.

त्याने पकड सोडल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. संदीपचं सगळं अंग पुढे ताणलेलं होतं, मागचा ओढा एकदम गेला, आणि तो तिरका फेकला गेला. हात मधल्या रेषेपलीकडे पडला. पाठीचा कणा टेबलाच्या लोखंडी पायावर आदळला. आवाज फार मोठा झाला नाही. माझे कागद खाली पडले आणि काही त्याच्या अंगावर पसरले.

पंचांनी वारूळवाडीला गुण दिला, सामना त्यांना गेला. मी तो लिहिला. नियमाने संदीप बोलला तिथेच त्याचा दम तुटला होता, तो बाद होता, सामना आमच्या याने जिंकला होता. मला ते माहीत होतं. पण मी ऐकलं असं म्हणायचं, तर टेबलाशी इतक्या जवळ काय घडलं हेही सांगावं लागलं असतं. टेबल इतकं जवळ का होतं, हा पुढचाच प्रश्न. वारूळवाडीच्या बाजूने कुणीही आरोळी दिली नाही. सगळे पडलेल्या पोराकडे धावत होते. हा मात्र जिथे पालथा पडला होता तिथेच होता, आणि त्याचे हात पुढे उघडे पसरलेले होते.

संदीप वाचला. कमरेखालचं शरीर गेलं.

पुढच्या महिनाभरात पंचक्रोशीत दोन गोष्टी पसरल्या. एक अशी की याने मुद्दाम पाय पिरगळून पोराला आयुष्यातून उठवलं. असं बोलणारे मग आवाज खाली आणून आणखी एक वाक्य बोलायचे, कोणत्या आळीचा आहे तो बघा. दुसरी अशी की हा फितूर झाला, अंतिम सामन्यात पकड सोडून संघाला बुडवलं. दोन्ही गोष्टी एकाच पारावर, कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू यायच्या. मी त्या पाराजवळून सायकल न थांबवता जायचो.

तो काहीच बोलला नाही. पोराने सोडा म्हटलं हे सांगितलं असतं तर सगळा दोष पोरावर गेला असता. टेबलाचं सांगितलं असतं तर माझ्यावर आला असता. त्याने खेळ सोडला, तारा ताणायचं काम चालू ठेवलं.

दर रविवारी मात्र तो सकाळच्या एसटीने नारायणगावला जाऊ लागला. मला दोन-तीनदा स्टँडवर भेटला. “वारूळवाडीला काम हाय,” म्हणायचा. कुणाची बाग, असं मी विचारलं नाही. बाग नाही हे मला कळत होतं.

पुढचं मला फार नंतर संदीपच्या आईकडून कळलं. पहिल्या रविवारी त्या माउलीने दारातूनच विचारलं, “आता काय ऱ्हायलंय न्यायचं?” तो अंगणात जाऊन बसला. दुपारपर्यंत बसला आणि उठून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. पाणीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. असे कितीतरी रविवार गेले. एकदा संदीपला कुशीवर वळवताना आईच्या पाठीत उसण भरली. तिला हलता येईना आणि पोरगा अर्धवट वळलेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने अंगणाकडे बघून हाक मारली, “अरे, ये की आत.”

त्या दिवसापासून तो आत जायला लागला. दवाखान्यात जाऊन पायांचे व्यायाम कसे द्यायचे ते शिकून आला. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, घोटा गोल फिरवायचा, टाच दाबायची. तास, दीड तास. वर्षं गेली. एकही रविवार चुकला नाही असं मी म्हणणार नाही, पण संदीपची आई तसं म्हणते.

एकदाच मी विषय काढायचा प्रयत्न केला. निवृत्तीनंतर परसात दोडक्याचा मांडव घालायचा होता. त्याला बोलावलं. तो शिडीवर, मी खाली तार धरून.

“त्या दिवशी टेबल...” मी सुरुवात केली.

“सर, तार ताणलीय. मधी बोलू नका. सुटली की डोळ्यात जाती.”

मग चहा पिताना तोच म्हणाला, कपाकडे बघत, “तुमी लिवायला बसला व्हता. मी धरायला उभा व्हतो. टेबलानं माणूस पडत न्हाई सर. सोडल्यानं पडतो. त्यानं मागितलं तरी मी सोडायला नको व्हतं.”

“तू दया केलीस रे.”

“व्हय. तेच तर म्हणतो.”

त्याने कप विसळून पालथा ठेवला आणि निघाला. मला त्या दिवशी हलकं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. त्याने मला मोकळं केलं असं मी धरून चाललो. त्याला कोण मोकळं करणार होतं?

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत, एका बागेत काम करताना तो मांडवाखाली जरा टेकला आणि उठलाच नाही. मयतीला मी गेलो होतो. वारूळवाडीहून टोमॅटोच्या क्रेट वाहणारी पिकअप आली होती, तीत गादी घालून संदीपला आणलं होतं. आळीचा रस्ता अरुंद, गाडी आत येईना. ती कोपऱ्यावरच थांबली. तिरडी गाडीच्या बाजूने गेली तेव्हा संदीपने हात बाहेर काढून तिला लावला. मी गर्दीत मागे सरलो, त्याला दिसू नये म्हणून.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवं क्रीडागृह झालं. दारात फलक लावायचा ठरला, आमच्या आणि जुन्नर अशा दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या दहा खेळाडूंची नावं. निवड करायला पाच माणसं नेमली, त्यात मी. नऊ नावं अर्ध्या तासात ठरली. सगळे चढाईपटू आणि कुस्तीगीर. दहाव्या नावाला त्याचं नाव निघालं, ते काढलं मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या एका तरुण प्रशिक्षक बाईंनी. त्यांनी त्याला खेळताना पाहिलंही नव्हतं. जुने खेळाडू अजून कुणाच्या पकडीला भितात ते त्यांनी विचारत विचारत काढलं होतं.

बबनराव म्हणून आमच्यात एक होते, स्वतः एकेकाळचे चढाईपटू. ते लगेच म्हणाले, “ताई, लोक चढाई बघायला यायचे. कोपऱ्यातला माणूस कोण बघतो?”

“तुम्ही बघत होता की काका. त्याच्या बाजूला तुम्ही पायच टाकत नव्हता असं ऐकलंय.”

सगळे हसले. बबनरावही हसले, पण मग चेहरा कडक करून म्हणाले, “खेळाडू म्हणून भारी व्हता, मी न्हाई म्हणत न्हाई. पण एका पोराला जन्माचं खाटेवर पाडलं त्यानं. आन् वर फायनलला पकड सोडली. असलं नाव दगडात कोरायचं?”

“धरून मोडला का सोडून हरला?” बाई म्हणाल्या. “दोन्ही एकदम कसं होईल? काहीतरी एक ठरवा ना.”

अध्यक्षांना आम्ही आण्णा म्हणतो. ते माझ्याकडे वळले. “सर, तुमी टेबलाव व्हता. तुमीच सांगा काय झालं ते.”

खोलीत पंखा फिरत होता. आतापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. आता विचारलं होतं.

“फार वर्षं झाली,” मी म्हणालो. “नीट लक्षात नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्या पाहत राहिल्या.

आण्णांनी तोड काढली. संदीपच्या घरून हरकत नसल्याचं पत्र आणावं, मग बघू. पत्र आणायला कोण जाणार? अक्षर चांगलं, शिवाय मास्तर. मीच.

वारूळवाडीत मी सकाळीच पोहोचलो. संदीप आता चाळिशीचा. दाढीत पांढरे केस, खांदे अजून रुंद. खाट खिडकीशी. त्याच्या आईने चहा दिला आणि ती दाराशी बसली. मी फलकाचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. तो ऐकत होता. चहावर साय धरली.

“संदीप,” मी म्हणालो, “टेबल मागे घ्या असं त्याने मला सामन्याआधी सांगितलं होतं. मी घेतलं नाही. सावलीसाठी.”

दारातली आई हलली नाही.

“आणि तू काय म्हणालास ते मी ऐकलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.”

तो छताकडे बघत होता. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“टेबल मला दिसलं व्हतं, सर,” तो म्हणाला. “पडायच्या आधी. माणसाला त्या टायमाला सगळं दिसतं. तुमचा हात दिसला. पेन दिसला.” मग म्हणाला, “भाऊंना मी लई वेळा म्हणालो, मी लोकांना सांगतो, मीच सोडा म्हणालो. ते म्हणायचे, तुला एक पाय मागं-पुढं करता येत न्हाई, आन् वर लोकांची बोलणी कशाला? मी ऐकलं त्यांचं. मलाबी ते सोपंच व्हतं.”

मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, “कागद आणलाय ना? लिवा.”

मी वही काढली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. त्याच्याच शब्दांत. ‘माझा पाय भाऊंनी घट्ट धरला व्हता. मी त्यांना सोडा म्हणालो. मी बोललो तिथंच माझा दम तुटला. मी बाद व्हतो. त्यांचा संघ जिंकला व्हता.’

इथे तो थांबला. “आता टेबलाचं लिवा, सर.”

मी लिहिलं. टेबल रेषेला लागून होतं. मागे घ्या असं सांगूनही गुणलेखकाने घेतलं नाही. माझं अक्षर त्या ओळीतही चांगलंच आलं. आई दारातून उठली, माझा गार झालेला चहा उचलून आत घेऊन गेली, आणि पुन्हा करून आणला नाही.

पुढच्या बैठकीत मी ते पत्र उभं राहून वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. बबनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वीस वर्षं काय करत व्हता, सर?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

मी पत्राची घडी घातली आणि ते आण्णांपुढे ठेवलं.

“मी तर कुठं कुठं काय काय बोललो त्याच्याबद्दल,” बबनराव स्वतःशीच म्हणाले. मग आण्णांना म्हणाले, “घाला नाव. वरती घाला.”

वर नाही घातलं. दहाव्याच जागी घातलं, आणि नावाखाली बारीक अक्षरात ‘डावा कोपरा’. समितीतून मी बाहेर पडलो. आण्णा नको म्हणाले, पण फार आग्रह केला नाही.

फलक उघडला त्या दिवशी त्याची बायको आली होती. पांढरी साडी, पायात नव्या चपला. “जय भीम, सर,” म्हणाली. मी जय भीम म्हणालो. पत्रातलं तिला कळलं होतं, सगळ्या गावाला कळलं होतं. ती फलकासमोर उभी राहिली आणि नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी शेजारी उभा होतो. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून आलो होतो.

तिने मला बोलूच दिलं नाही. “त्यांला हे कळलं असतं ना, तर ते आजच्याला आले नसते,” ती म्हणाली. “रविवार हाय. वारूळवाडीला गेले असते.”

आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर मी रविवारी वारूळवाडीला जायला लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. आईने आत घेतलं, पण त्याच्या रविवारांचं सोडलं तर माझ्याशी ती फारसं बोलत नाही. पहिल्या वेळी मी संदीपचा पाय हातात घेऊन वाकवायला गेलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो पाय जड होता, आणि थंड. माझ्या हातून तो निसटून गादीवर आपटला. “ऱ्हाऊ द्या सर, तुमाला नाय जमायचं,” संदीप म्हणाला. “तुमी पेपर वाचून दाखवा.” तेव्हापासून मी पेपर वाचतो.

मागच्या रविवारी वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की तो ऐकत नाही. डोळे मिटून, कशाकडे तरी कान दिल्यासारखा पडला होता. सकाळचे साडेनऊ झाले असतील. बाहेर एसटी येऊन गेल्याचा आवाज झाला होता.

“काय होतंय?” मी विचारलं.

“काय नाय. रोजचं हाय. म्हंजे रविवारचं.” त्याने डोळे उघडले नाहीत. “ह्या टायमाला डावा घोटा कुणीतरी धरतं.”

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. वीस वर्षांत त्या पायांना सुई टोचलेलीही कळली नव्हती. चादर सरळ होती, तिच्यावर खिडकीचं ऊन पडलं होतं.

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, असं व्हतं कुणाकुणाला.”

“दुखतं का?”

“नाय. घट्ट असतं नुसतं.” मी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मग तो म्हणाला, “मी आता सोडा म्हणत नाय, सर.”